एक्स-रे नॉर्मल आला म्हणून...
सोलापूरच्या पालकमंत्र्यांना खुले पत्र

मा. पालकमंत्री महोदय,


जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष या नात्याने दरवर्षी आपल्यासमोर आरोग्याचा निधी येतो आणि क्रीडेचाही येतो. दोन्हींची फाइल वेगळी, अधिकारी वेगळे. या दोन फायलींच्या मधे जी पोरं सापडतात, त्यांच्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

मी सोलापुरात रेडिओलॉजिस्ट आहे. शालेय स्पर्धांचा हंगाम सुरू झाला की आमच्या टेबलावर गुडघे, घोटे, खांदे, मनगटे यायला लागतात. बहुतेकांच्या हातात पिशवी असते आणि पिशवीत जुना एक्स-रे असतो. 'नॉर्मल आहे म्हणाले होते,' असे सोबतचे वडील किंवा क्रीडाशिक्षक सांगतात. त्या एका शब्दावर विसंबून पोराला पुन्हा मैदानात उतरवलेले असते, आणि आता गुडघा आधीपेक्षा वाईट झालेला असतो.

एका मुलीचे सांगते. दहावीत शिकणारी, खो-खो खेळणारी. बचाव करताना ती एकदम वळली, गुडघ्यात 'कट' असा आवाज झाला आणि ती खालीच बसली. तासाभरात गुडघा टम्म सुजला. जवळच्या दवाखान्यात एक्स-रे झाला. हाड शाबूत होते. क्रेप बँडेज, गोळ्या, आठवडाभर विश्रांती. घरी आजीने तेल लावून चोळून दिले. तीन आठवड्यांत सूज ओसरली, मुलगी सरळ चालू लागली आणि विभागीय स्पर्धेला गेली. तिथे दुसऱ्याच डावात पुन्हा पाय वळला. या खेपेला गुडघा वाकला तो वाकलेलाच राहिला, सरळ होईना. एमआरआय केला. गुडघ्याच्या मधोमध असलेले एसीएल हे लिगामेंट पूर्ण तुटलेले होते, आणि आतली गादी, म्हणजे मेनिस्कस, उभी फाटून तिचा तुकडा सांध्यात जाऊन अडकला होता. लिगामेंट पहिल्याच दिवशी गेले असणार. गादी मात्र बहुधा दुसऱ्या पडण्यात गेली, आणि ती वाचली असती.

तिचा तो पहिला एक्स-रे मी मागून घेतला आणि व्ह्यू बॉक्सवर लावून पाहिला. नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाला, बाहेरच्या कडेला, सांध्याच्या रेषेच्या जरा खाली हाडाची एक बारीक चिरोटी सुटलेली दिसत होती. कापलेल्या नखाएवढी. पॉल सेगाँ नावाच्या फ्रेंच शल्यविशारदाने ही खूण १८७९ मध्ये मृतदेहांवर प्रयोग करून वर्णन केली होती. राँटगेनला क्ष-किरण सापडले १८९५ मध्ये, म्हणजे त्यानंतर सोळा वर्षांनी. आज आम्ही तिला सेगाँ फ्रॅक्चर म्हणतो. ती चिरोटी दिसली की एसीएल गेले असे जवळजवळ धरून चालायचे आणि पुढची तपासणी लावायची, हे आमच्या शिक्षणातच येते.

ज्यांनी तो एक्स-रे पाहिला त्यांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्यांच्यासमोर आलेल्या चिठ्ठीवर 'गुडघा दुखतो' एवढेच होते. खेळताना वळली, आवाज आला, तासाभरात सूज आली, उभे राहता येईना, यातले काहीच चिठ्ठीवर नव्हते. हीच चार वाक्ये निम्मे निदान असतात. दुखापतीनंतर एक-दोन तासांत सांधा फुगला तर तो बहुधा आत रक्त साठल्यामुळे फुगतो, आणि तरुण खेळाडूच्या गुडघ्यात रक्त साठले तर पहिला संशय एसीएलवर घ्यायचा. दुसऱ्या दिवशी हळूहळू आलेली सूज वेगळी. हा फरक मैदानावर उभ्या असलेल्या शिक्षकाला दिसतो. आमच्यापर्यंत तो पोचत नाही.

एक्स-रे हाड दाखवतो. लिगामेंट, गादी, स्नायू, स्नायूंचे दोर, कूर्चा यांतले काहीही तो थेट दाखवत नाही. खेळातल्या बऱ्याच दुखापती नेमक्या याच गोष्टींच्या असतात. त्यामुळे 'एक्स-रे नॉर्मल' या शब्दांचा खरा अर्थ 'मोडलेले हाड दिसले नाही' एवढाच आहे. जिल्ह्यातल्या मैदानांवर मात्र त्याचा अर्थ 'खेळायला हरकत नाही' असा घेतला जातो. माझे सगळे म्हणणे या एका गैरसमजाभोवती आहे.

रिओच्या २०१६ ऑलिंपिकमध्ये खेळाडूंच्या दुखापतींसाठी झालेल्या इमेजिंग तपासण्यांची मोजदाद नंतर प्रसिद्ध झाली. एकूण १,०१५ तपासण्या झाल्या. त्यांपैकी ६०७ एमआरआय होते, ३०४ एक्स-रे आणि १०४ सोनोग्राफी. खेळाडू जिथे राहतात तिथेच यंत्र, डॉक्टर आणि फिजिओ एकत्र असले की तपासण्यांचे प्रमाण असे पडते. आपल्याकडे बहुतेक पोरांची गोष्ट पहिल्या एक्स-रेपाशीच थांबते.

कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक जिंकले. पुढच्या, मेलबर्नच्या ऑलिंपिकच्या आधी त्यांच्या गुडघ्याने दगा दिला आणि ती संधी हुकली. त्या काळी गुडघ्याच्या आत काय झाले हे पाहण्याचे साधनच नव्हते. सीटी स्कॅन माणसावर पहिल्यांदा १९७१ मध्ये झाला आणि एमआरआयने जिवंत माणसाच्या शरीराची पहिली चित्रे १९७७ मध्ये दिली. आता शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या अविनाश साबळेचे पाहा. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये स्टीपलचेस धावताना पाण्याच्या अडथळ्यावर तो पडला. तपासणीत एसीएल आणि मेनिस्कस या दोन्हींची दुखापत निघाली आणि मुंबईत शस्त्रक्रिया झाली. टोकियोची जागतिक स्पर्धा त्याला सोडावी लागली, पण आपल्याला नेमके काय झाले आहे हे त्याला कळले होते. साबळेच्या मागे लष्कर होते, राष्ट्रीय शिबिर होते. आष्टीत, करमाळ्यात किंवा सांगोल्यात आज जो पोरगा त्याच्यासारखा पळायचे स्वप्न पाहतो आहे, त्याचा गुडघा अजून खाशाबांच्या काळात आहे.

आपल्या जिल्ह्यात खेळाडू कमी नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या पुरुष आणि महिला या दोन्ही संघांनी तो जिंकला, आणि पुरुष संघात वेळापूरचा रामजी कश्यप होता. किरण नवगिरे याच जिल्ह्यातून भारताच्या टी-ट्वेंटी संघापर्यंत गेली. मोहोळ, मंगळवेढा, माळशिरसच्या तालमींत पहाटे चारला जोर-बैठका सुरू होतात. ही सगळी पोरं प्रामुख्याने शेतकऱ्यांची, यंत्रमागावर काम करणाऱ्यांची, विड्या वळणाऱ्या बायकांची. एमआरआयला खासगी केंद्रात काही हजार रुपये लागतात. त्या घरात तो आकडा ऐकला की पुढचे वाक्य ठरलेले असते, 'राहू द्या मॅडम, बघू पुढच्या महिन्यात.'

त्यातच खेळत राहण्याचा दबाव आहे. राज्यस्तरीय प्रमाणपत्रावर दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, आणि पुढे शासकीय नोकरीत खेळाडूंसाठीचे ५ टक्के आरक्षण डोळ्यांसमोर असते. गरिबाच्या घरात त्या कागदाची किंमत फार मोठी असते, म्हणून मुलगी दुखत असताना 'दुखत नाही' म्हणते. तिला दटावून उपयोग नाही. तिच्या गुडघ्यात काय आहे हे तिला आणि तिच्या आईला दाखवता आले तर ती थांबते. एमआरआयच्या पडद्यावर तुटलेले लिगामेंट बोट ठेवून दाखवल्यावर मुकाट्याने मान हलवणारे वडील मी अनेकदा पाहिले आहेत. चारजणांनी सांगून न पटलेले तिथे पटते.

मुलींबद्दल वेगळे सांगायला हवे. वळण्या-उडी मारण्याच्या खेळांत एसीएल तुटण्याचे प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त असते. जगभरच्या अभ्यासांत दुप्पट ते आठपट असे आकडे येतात. खो-खोत तर सगळा खेळच वळण्याचा आणि हुलकावणीचा. ज्या जिल्ह्याच्या मुली खो-खोत नाव काढतात, तिथे हा प्रश्न आधी हाती घ्यायला हवा.

दुसरा मोठा गट मैदानावरचा नाहीच. तो रस्त्यावर आहे. पोलीस भरतीची किंवा अग्निवीरची तयारी करणारी मुलं-मुली पहाटे डांबरी रस्त्याच्या कडेने पळताना आपल्या गाडीतून आपल्याला नक्की दिसली असतील. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. जाहिरात निघाली की महिन्याभरात धाव दुप्पट-तिप्पट होते, पायात साधे बूट, खाली डांबर. नडगी दुखायला लागते. हाडावर रोज थोडा थोडा ताण साठून त्याला बारीक तडा जातो. हा तडा पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बहुतेकदा दिसतच नाही. हाड भरून यायला लागले की मग दिसतो, तोवर उशीर झालेला असतो. एमआरआयमध्ये हाडाच्या आतली सूज फार आधी कळते. नडगीचा तडा विश्रांतीने भरतो. जांघेत दुखत असेल आणि तडा मांडीच्या हाडाच्या मानेत असेल, तर पळता पळता ते हाड सरकू शकते, आणि विशीतल्या पोराच्या खुब्याची शस्त्रक्रिया करावी लागते. या मुलांचे नाव कोणत्याही क्रीडा संघटनेच्या यादीत नसते, म्हणून खेळाडूंसाठी काही योजना केली तरी ती त्यांच्यापर्यंत जात नाही. माझ्या मागणीत त्यांना धरावे, ही विनंती आत्ताच करून ठेवते.

मनगटाचेही तसेच. हातावर पडल्यावर अंगठ्याच्या बुडाशी जो खळगा असतो तिथे दाबून दुखले, तर तिथले स्कॅफॉइड हे छोटे हाड मोडलेले असू शकते. पहिला एक्स-रे यातही नॉर्मल येऊ शकतो. या हाडाला रक्त उलट्या बाजूने येते, त्यामुळे तडा दुर्लक्षिला तर अर्धे हाड जुळत नाही, कधी मरते. पहिल्या दिवशी प्लास्टर घालून दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढणे किंवा लगेच एमआरआय करणे, एवढाच उपाय. हे लिहिताना एक गोष्ट मनाला लागते. वयोगटाच्या क्रिकेटमध्ये खेळाडूचे वय पडताळायला डाव्या मनगटाचा एक्स-रे काढतात. त्यासाठी ठरलेली पद्धत आहे, तारीख आहे, तज्ज्ञ आहेत. तेच मनगट दुखावले तर काय करायचे याची तितकीच पक्की पद्धत आपण अजून बांधलेली नाही.

आता एक खबरदारीची गोष्ट, कारण माझ्या पत्रावरून कुणी 'प्रत्येक खेळाडूला एमआरआय' असा आदेश काढू नये. मुरगळलेल्या प्रत्येक घोट्याला एक्स-रेसुद्धा लागत नाही. कॅनडातल्या ऑटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये साधे नियम बसवले. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या खालच्या सहा सेंटीमीटर भागात मागच्या कडेला दाबून पाहा, पायाच्या मधल्या भागातली ठरावीक दोन ठिकाणे दाबून पाहा, चार पावले टाकता येतात का पाहा. यात काही आढळले नाही तर हाड मोडले असण्याची शक्यता फारच कमी. हे नियम जगभर वापरतात. क्रीडाशिक्षकाला ते एका दुपारी शिकवता येतात. दुसऱ्या बाजूने, एमआरआय इतके बारीक दाखवतो की काहीही न दुखणाऱ्या खेळाडूच्या खांद्यातही काहीतरी निघतेच. ते पाहून घाबरून शस्त्रक्रियेच्या मागे लागणारेही आहेत. गुडघा आधी अस्थिरोगतज्ज्ञाच्या हाताने तपासायचा. लॅकमनची चाचणी नीट केली तर एसीएलचा अंदाज हातालाच येतो. मग चित्र कशाचे काढायचे हे ठरते. हात आणि चित्र यांचे जमले तरच निदान होते.

सोनोग्राफीला आपण फार कमी वापरतो. स्नायू फाटला आहे का, टाचेवरचा अकिलीसचा दोर तुटला आहे का, गुडघ्यात पाणी किंवा रक्त आहे का, खांद्याचे दोर कसे आहेत, हे सोनोग्राफीत दिसते, तेही रुग्णाला हात-पाय हलवायला लावून. किरणोत्सर्ग नाही, खर्च कमी. गुडघ्यातले एसीएल आणि गादी मात्र तिच्या आवाक्यात नाहीत, तिथे एमआरआयच. मग मैदानावरच सोनोग्राफी का नेऊ नये, असा प्रश्न आपल्याला पडेल. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे फिरत्या सोनोग्राफी यंत्रांवर कडक बंधने आहेत. ती बंधने असायलाच हवीत, आपल्या राज्याने मुलींच्या बाबतीत जे पाहिले आहे त्यानंतर ती सैल करा असे मी म्हणणार नाही. म्हणून यंत्र मैदानावर जाणार नाही. खेळाडूला यंत्रापर्यंत आणायचे, आणि त्याला तिथे ताटकळत न ठेवायचे, ही व्यवस्था आपल्याला करावी लागेल.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा आपल्याला अभिमान वाटावा. २०१२ मध्ये तिची पूर्वीची योजना राज्यात पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होते. पण ती योजना ठरलेल्या उपचारांच्या पॅकेजवर उभी आहे. उपचार काय करायचा हे कळण्याआधीच्या पायरीवर, बाह्यरुग्ण म्हणून तपासणी करून घेताना, आमची खो-खोवाली मुलगी एकटीच असते. तिच्या वडिलांच्या खिशातून पैसे निघायचे ते तिथे.

म्हणून मागणी अशी. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, आपल्या सिव्हिलमध्ये, आठवड्यातून एक दुपार खेळाडूंची ओपीडी ठेवावी. अस्थिरोग, क्ष-किरणशास्त्र आणि फिजिओथेरपी या तिघांनी एकाच खोलीत बसावे. सिव्हिलची गर्दी आपण पाहिली आहे. एक पोरगा सकाळी केस पेपर काढतो, दुपारी एक्स-रेच्या रांगेत असतो, संध्याकाळी त्याला पुढची तारीख मिळते. अकलूज किंवा करमाळ्याहून शंभर किलोमीटरहून जास्त प्रवास करून आलेला माणूस तीन वेळा पुन्हा येऊ शकत नाही, त्याची एका दिवसाची मजुरी प्रत्येक वेळी बुडते. एकाच दुपारी तपासणी, सोनोग्राफी आणि पुढचा निर्णय झाला तर निम्मे काम तिथेच संपेल. ज्यांना एमआरआय खरोखरच लागेल त्यांच्यासाठी ठरावीक तास राखून ठेवावेत. ते शासकीय यंत्रावर असोत वा जिल्ह्यातल्या खासगी केंद्रांशी दर ठरवून असोत, पैसे खेळाडूच्या घरून जाऊ नयेत. जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण योजनांसाठी तरतूद असते, ती यासाठी वापरता येईल. नवे मोठे यंत्र मी मागत नाही. सांधे पाहायला सोनोग्राफी यंत्राला चांगला लिनियर प्रोब लागतो आणि तो हाताळायला शिकलेला डॉक्टर लागतो, यासाठी खर्च करावा.

आणि जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या मार्फत तालुका आणि जिल्हा स्पर्धांच्या मैदानावर एक दुखापत चिठ्ठी द्यावी. साधा अर्ध्या पानाचा कागद. कोणता खेळ, कसा पडला, आवाज आला का, सूज किती वेळात आली, चार पावले टाकता आली का, सांधा अडकला का. क्रीडाशिक्षकाने मैदानावरच भरायचा आणि पोराच्या खिशात द्यायचा. डॉक्टरांसमोर, तंत्रज्ञासमोर, आमच्यासमोर तोच कागद यायला हवा. छपाईचा खर्च नगण्य आहे. पहिल्या दोन दिवसांत सुजलेला सांधा चोळायचा नाही, गरम शेक द्यायचा नाही, हेही त्या कागदाच्या मागच्या बाजूला छापावे. तालमीतल्या वस्तादांनाही तो द्यावा. वस्तादांना पोरांच्या शरीराची जाण आमच्याइतकीच, किंबहुना काही बाबतीत जास्तच आहे. त्यांना बाजूला ठेवून ही व्यवस्था चालणार नाही. 'कधी पाठवायचे' एवढे त्यांच्याशी बसून ठरवले तर ते आपण होऊन पाठवतील.

पोलीस भरतीच्या मुलांसाठी ही ओपीडी खुली ठेवावी. खेळाडू असल्याचे प्रमाणपत्र दारात मागू नये.

नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, अशी विनंती आहे. दुखापत चिठ्ठीचा मसुदा मी आणि माझ्या दोन अस्थिरोगतज्ज्ञ सहकाऱ्यांनी तयार केला आहे, तो आपल्या कार्यालयात आणून देते. क्रीडाशिक्षकांचे आणि वस्तादांचे प्रशिक्षण लागले तर तालुक्याच्या गावी येऊन ते विनामोबदला घ्यायला आम्ही तिघेही तयार आहोत. शालेय स्पर्धांचे तालुका पातळीवरचे सामने सुरू होण्याआधी तारीख मिळाली तर याच हंगामात सुरुवात करता येईल.

आपली,
सोलापुरातील एक रेडिओलॉजिस्ट